गोल्डवरून सिल्व्हर

मासळीच्या कारखान्यांतली शीतयंत्रं दुरुस्त करण्यात श्याम आगाशे यांचा हात धरणारा मिरजोळ्यात दुसरा कोणी नव्हता. कंपनी त्यांना वेरावळपासून कोचीपर्यंत पिटाळायची आणि ठरलेल्या एकाच साखळीच्या हॉटेलांत उतरवायची. तिथे वर्षाला पन्नास रात्री भरल्या की गोल्ड सभासदत्व टिकायचं. मग मोठी खोली, फुकट नाश्ता आणि दुपारी चारपर्यंत खोली वापरायची मुभा. अंगाला अमोनियाचा वास घेऊन परतलेल्या माणसाला आंघोळ करून गाडीच्या वेळेपर्यंत पडता यायचं. कारखान्यात ते मिस्त्री होते; हॉटेलच्या काउंटरवर "या, आगाशेसाहेब!"

सलग दहा वर्षं टिकवलं की गोल्ड तहहयात. नऊ झाली होती. आठव्या वर्षी डिसेंबरात चार रात्री कमी पडत होत्या, तेव्हा बायकोच्या, लीलाताईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मेहुणीला बोलावून ते वेरावळला गेले होते.

आणि हॉटेलचा मेल आला. यापुढे रात्री मोजणार नाहीत, सभासदाचा खर्च बघणार. कंपनीच्या सवलतीच्या दरातला खर्च त्यात धरणार नव्हते. तहहयात योजना बंद. जानेवारीपासून श्यामराव सिल्व्हर. म्हणजे फुकटात फक्त पाण्याची एक बाटली.

त्यांनी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली, "सर, तुमच्या निष्ठेची आम्हाला कदर आहे."

संध्याकाळी त्यांनी लीलाताईंना सगळं सांगितलं. वेरावळचंही.

"म्हणजे तेव्हा काम नव्हतं?"

"होतं. पण दुसऱ्याला पाठवता आलं असतं."

त्या पावटे सोलत राहिल्या. दोन दिवस कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला एकदा न्या त्या हॉटेलात. बघू तरी, कशासाठी गेला होतात."

सभासदत्वाच्या साठलेल्या पॉइंटांत मंगळुरूच्या हॉटेलातली एक रात्र बसली. काउंटरवरच्या नव्या मुलाने आधार कार्ड मागितलं. खोलीच्या खिडकीसमोर भिंत होती. लीलाताईंनी गादी दाबून पाहिली. "बरी आहे," म्हणाल्या.

सकाळी अकराला खोली सोडण्यासाठी फोन वाजला. श्यामराव ओशाळले. "पूर्वी चारपर्यंत…"

"अकरा तर अकरा. गाडीला वेळ आहे ना? समुद्रावर जाऊ."

"समुद्र काय, आपल्याकडे नाही?"

"तुम्ही कुठे असता तिथे?"

बॅग श्यामरावांनीच उचलली.

पुढच्या डिसेंबरात साहेबांनी कोचीचं विचारलं, तेव्हा श्यामरावांनी हाताखालच्या संदेशचं नाव सुचवलं. हॉटेलचे मेल मात्र ते अजून उघडून बघतात.