मोडलेला ताण

पालमकडच्या नर्मदाबाईनं दिराचं वाटोळं करायचं मनात धरलं, ते वाटणीच्या दिवशी. तिच्या नवऱ्यानं, लिंबाजीनं, कावडीनं पाणी घालून वाढवलेली मोसंबी धाकट्या बन्सीधरनं घेतली आणि विधवा भावजयीच्या वाट्याला मुरमाडातली खुरटी झाडं टाकली. पंच गप्प बसले. बाई रडली नाही, दात खाऊन बसली. देवाला नवससुद्धा तिनं दिराच्या वाईटाचाच केला.

विहीर मात्र सामायिक राहिली, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात दोघांनीही बागा ताणावर सोडल्या. म्हणजे पाणी तोडायचं, पानं पिवळी पडेपर्यंत झाड तहानेलं ठेवायचं. मग मृगाचा पाऊस पडला की ते फुलानं लगडतं. मधेच पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते, बहार बुडतो. ताणात बागेला काम नसतं, म्हणून बन्सीधर बायको-पोरांसकट गंगाखेडला मेव्हण्याच्या घराच्या बांधकामावर जाऊन राहिला. बाईला हेच हवं होतं. भरदुपारी गाव आडवं झालं की ती आपल्या पाळीचं पाणी त्याच्या बागेत सोडायची. तिथली पालवी बघून आली की तिला भाकर गोड लागायची.

अलीकडं पावसाचा भरवसा उडाला होता. मृग पुढं पुढं सरकायचा, ऊन असं की आलेलं फूलही करपायचं. ताण जपून द्या, पाणी राखून ठेवा, असं म्हातारे सांगत होते. पण सुडानं पेटलेल्या बाईला ऐकायला कान कुठले!

मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. तिच्या झाडांना आता पाणी हवं होतं आणि विहिरीत गाळ उरला होता. तिनंच ती उपसली होती. मुरमाडातली झाडं उभ्या उभ्या वाळली. बन्सीधरची बाग बहाराला मुकली, पण जगली.

तो परतला, बागेत फिरला, तिच्या पाटातून आपल्याकडं फोडलेला बांध त्यानं पाहिला. भांडायला येईल म्हणून बाई तयारीतच होती. तो येऊन ओसरीवर टेकला.

"वैनी, तुमच्या पाण्यानं दादाची झाडं वाचली. सोताची वाळू दिलीत. लय उपकार झाले."

त्यात टोमणा नव्हता, हेच तिला सोसेना.

"उपकार न्हाई केले, भाऊजी. तुमाला बुडवायलते मी."

त्याला ते खरं वाटलं नाही, तो वाकून तिच्या पाया पडला. गावभर त्यानं वहिनीचे गोडवे गायले. बाई पुढं बरीच वर्षं जगली आणि शेवटपर्यंत एकच म्हणायची, "त्या मेल्यानं मला दोनदा लुबाडलं. एकदा वाटणीत, एकदा पाया पडून."