हवा सोलापूरची, केस गंगाक्काचे

गंगाक्काच्या भाचीचा, महानंदाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर सांडगे घालत होते. "मावशी, गंगाक्का गेली," एवढंच ती म्हणाली. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो सांडग्यांचा. आज हवा कोरडी आहे, दुपारपर्यंत वाळतील का, हे गंगाक्काला विचारायला हवं... आणि मग लक्षात आलं की आता विचारायचं कुणाला? स्वतःची लाज वाटली. पण आता महिना उलटल्यावर वाटतं, तिला हेच आवडलं असतं. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत तिने मला हवेकडे बघायला शिकवलं. हवा कुठे दिसते, असं मी म्हणायचे. "दिसती की. नीट बघ," ती म्हणायची.

आमची ओळख सत्तरच्या दशकातली. दुष्काळ सरला होता, पण लोकांच्या बोलण्यातून गेला नव्हता. सोलापूर शहराबाहेर एक सरकारी शेत होतं. नुसत्या पावसाच्या ओलीवर ज्वारी कशी तगवायची याचे प्रयोग तिथे चालत. मी तिथे टायपिस्ट. बुधवार पेठेतून सिटी बसने यायचं, दिवसभर टंकलेखन यंत्र बडवायचं आणि संध्याकाळी धुळीने माखून परतायचं, हा माझा दिनक्रम. एके दिवशी साहेबांनी टाइप करायला दिलेल्या पत्रात 'थर्मोहायग्रोग्राफ' असा शब्द आला. तो मी सलग दोनदा चुकवला, तेव्हा मागून कुणीतरी हसलं. वळून बघितलं तर सुती साडी नेसलेली, गुडघ्यापर्यंत शेपटा असलेली एक मुलगी उभी होती. "मलाही पहिल्यांदा नव्हता आला," ती म्हणाली. ती मंद्रूपची शिवगंगा बिराजदार. घरात कानडी, शाळेत मराठी आणि कॉलेजात विज्ञान अशी शिकून ती आमच्याकडे त्या लांबलचक नावाच्या यंत्रासाठी आली होती. माझ्यापेक्षा थोडीशीच मोठी, पण पहिल्याच आठवड्यात सगळ्या ऑफिसची गंगाक्का झाली.

ते यंत्र पुण्याहून उसनं आणलेलं होतं. शेताच्या मधोमध चार पायांवर उभी केलेली, झडपांच्या भिंतींची एक पांढरी लाकडी पेटी, तिच्या आत ते बसवलेलं. आम्ही त्या पेटीला कबुतरखाना म्हणायचो. आत पितळी ढोल होता. त्याला सोमवारी किल्ली द्यायची, म्हणजे आठवडाभर तो सावकाश फिरत राही. ढोलावर आखलेला कागद गुंडाळायचा आणि त्यावर जांभळ्या शाईच्या दोन पेनांनी दोन रेघा काढायच्या, एक उष्णतेची आणि एक हवेतल्या ओलीची. रब्बी ज्वारीच्या प्रयोगाला या दुसऱ्या रेघेवाचून अर्थ नव्हता. जमिनीतली ओल हवा किती ओढून नेते, हे तिच्यावरूनच समजायचं. आणि गंगाक्कालाही तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिची जागा हंगामी होती. यंत्र आहे तोवर जागा, असं तिच्या नेमणुकीच्या पत्रातच होतं आणि ते पत्र मीच टाइप केलं होतं. नोकरी सुटली तर मंद्रूपला परत यायचं, मग विजापूरकडचं एक स्थळ थांबलेलंच आहे, असं तिच्या वडलांनी सांगून ठेवलं होतं. "सुनी," ती एकदा मला म्हणाली, "मला नवऱ्याची भीती नाही गं. या पेटीपासून लांब जायची आहे."

सुरुवातीचे महिने त्या यंत्राने तिला नुसतं छळलं. सोलापूरच्या उन्हात पेनातली शाई सुकायची आणि रेघ मधेच तुटायची, म्हणून तिने शाईत ग्लिसरीन किती घालायचं ते करून करून बसवलं. काळ्या रानातली धूळ ढोलाच्या घड्याळात शिरायची आणि ढोल बंद पडायचा, म्हणून ती रोज बारीक कुंचल्याने ते झाडायची. पेन कागदावर फार टेकलं तर अडायचं आणि कमी टेकलं तर उमटायचंच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबून बघायचं, ही तिची पद्धत. मी असते तर त्या यंत्राला लाथ घातली असती. ती मात्र पेटीचं दार उघडून, हात मागे बांधून, त्याच्याकडे नुसती बघत उभी राहायची. श्वाससुद्धा रोखून. मला वाटायचं, ती एकाग्र झालीय. तो श्वास ती का रोखते, ते मला पुढे कळलं.

दसऱ्याच्या सुमाराला ओलीची रेघ मेली. म्हणजे पेन फिरत होतं, रेघ उमटत होती, पण पहाट असो की टळटळीत दुपार, ती सरळच्या सरळ. गंगाक्काकडे दोन थर्मामीटर बसवलेलं एक साधन होतं. त्यातल्या एका थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळायचं आणि खुळखुळ्यासारखं गरगर फिरवून दोन्हींतला फरक बघायचा, म्हणजे हवेतली खरी ओल कळते. ते फिरवून फिरवून तिचा हात भरून आला, पण यंत्र आणि थर्मामीटर यांचा मेळ बसेना. शाई, घड्याळ, पेन, सगळं तपासून झालं. शेवटी तिने आतली एक जुडी बोटाने हलकेच चाचपली, बोट नाकाशी नेलं आणि पेटीपुढच्या पायरीवर बसली. मला म्हणाली, वास घे. खोबरेल तेल.

ती जुडी माणसाच्या केसांची होती. हे ऐकून मी दोन पावलं मागे सरकले होते. माणसाचा केस दमट हवेत किंचित लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. त्या एवढ्याशा लांबण्या-आखडण्यावर ते पेन वरखाली व्हायचं. आणि आमचे हणमंतमामा, शेतावरचे जुने शिपाई, बिजागऱ्यांना तेल घालता घालता पेटीत डोकावले होते. मनाने फार चांगला माणूस. गंगाक्काने विचारलं तेव्हा त्यांनी काहीच लपवलं नाही. "बाई, केस हाय म्हटल्यावर त्याल नको व्हय? पार वाळून सुतळी झालतं," असं म्हणाले. सोलापुरात कोरडे केस बघवतात कुणाला! गंगाक्का आधी खळखळून हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मामांना दिसू दिलं नाही. तेल प्यालेला केस हवेतली ओल घेत नाही. तिने तो धुवायचा प्रयत्न केला, पण जुनी झालेली जुडी कुंचल्याखाली तुटून हातात आली.

नवी जुडी परदेशातून यायची. साहेब म्हणाले, यंत्र पुण्याला परत पाठवू, पत्र टाइप करा. गंगाक्का म्हणाली, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेनंतर पुण्याचे तपासनीस येणारच आहेत, तोवर थांबा. साहेब भले होते, थांबले. त्या दुपारी ती माझ्या टेबलाशी आली आणि शेपट्याचं टोक पुढे करून म्हणाली, काप. कागद कापायच्या कात्रीने मी घाबरत घाबरत एक बट कापली. तिने ती प्रयोगशाळेतल्या ईथरने धुतली आणि यंत्रात बसवली. पण रेघ पुन्हा आळशी. पहाटेची ओल दाखवायला तिला दुपार उजाडे. मी म्हटलं, झालं, आता पाठव परत. ती मात्र विचार करत बसली होती. शेपट्याचं टोक म्हणजे सगळ्यात जुने केस, लहानपणापासून तेल मुरलेले आणि उन्हात भाजलेले. मानेजवळचे, मुळाकडचे केस नवे असतात. दोष तिच्या केसांत नव्हता, आम्ही ते कापले तिथे होता.

मग तिने डोक्याला तेल लावणं सोडलं. ऐकायला काहीच वाटत नाही हे. पण ती शहरात मावशीकडे राहायची, आणि त्या घरात लग्नाच्या मुलीने कोरड्या, भुरभुरत्या केसांनी वावरायचं म्हणजे काय! मावशीने कानडीतून विचारलं, घरात कोण मेलंय? केस कापून यंत्राला देणार हे कळल्यावर तर मावशीने कपाळावर हात मारला. केस परक्याच्या हाती लागले तर कुणी करणी करेल, या भीतीने ती माउली विंचरलेले केससुद्धा गुंडाळून लपवून ठेवायची. त्या संक्रांतीला आम्ही गड्ड्यावर गेलो. सगळ्या बायका चापूनचोपून वेण्या घालून, गजरे माळून आलेल्या आणि त्यांच्या मधून गंगाक्का चाललेली, डोक्यावर वाळल्या कडब्यासारखे केस घेऊन. लोक वळून बघत होते. मलाच अवघडल्यासारखं झालं. ती मात्र मजेत चुरमुरे खात मला समजावत होती, की एवढ्या गर्दीत हवेतली ओल नक्की वाढत असणार, इथे यंत्र आणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मान खाली घातली आणि मानेमागचे केस बाजूला करून म्हणाली, "अगदी मुळापासून काप सुनी. हात थरथरू देऊ नकोस." मी कापले. ते केस तिने पुन्हा पुन्हा धुतले, खालच्या टोकाला टाचण्या बांधून कॅलेंडरच्या खिळ्याला ताणून लोंबकळत ठेवले. साहेबांना भेटायला येणारे लोक ते बघून दचकायचे. मग जुडी यंत्रात बसली. पेटीभोवती ओलं धोतर गुंडाळून, आतली हवा ओलीचिंब करून तिने स्क्रू फिरवत पेन जवळजवळ माथ्याच्या रेघेला आणलं. धोतर काढलं आणि आम्ही बघत उभ्या राहिलो. पेन उतरायला लागलं... सावकाश, पण आपलं आपण. "आता फुंकर घाल," ती म्हणाली. मी वाकून नुसता उच्छ्वास सोडला, आणि ते पेन शहारल्यासारखं वर उचललं गेलं. माझ्या अंगावर काटा आला. माझा श्वास मला दिसला होता, तिच्या केसांतून. मग कळलं, पेटीपाशी ती श्वास का रोखून धरायची ते.

पुढच्या सोमवारी तिने आठवड्याचा कागद माझ्या टेबलावर पसरला आणि वाचून दाखवला. हो, वाचूनच. ही दुपारची दरी, रोज त्याच वेळची. हा पहाटेचा डोंगर. इथे वारा फिरला, म्हणून रेघ अशी मुरडली. इथे मामांनी शेजारच्या वाफ्याला पाणी दिलं. मी जन्माची सोलापूरची. इथली हवा म्हणजे फक्त ऊन आणि घाम, असं मला वाटायचं. ती दिवसातून एकदा असा मोठा श्वास घेते आणि सोडते, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी मी गंगाक्काकडे जी बघत राहिले, ती आजतागायत बघतेच आहे. कौतुक हा शब्द मला पुरत नाही. मी थक्क झाले होते आणि मला थोडी तिची भीतीही वाटली होती, हेही सांगून टाकते.

पुण्याचे तपासनीस आले. तुटक बोलणारा, कडक इस्त्रीतला माणूस. त्यांनी आपलं स्वतःचं थर्मामीटर काढलं, सकाळी, भर दुपारी आणि उन्हं कलल्यावर पेटीपाशी उभं राहून फिरवलं, आकडे ताडून पाहिले. सगळे जुळले. मग त्यांनी भिंग घेतलं आणि जुडीकडे पाहून विचारलं, हे केस कुठले? आमच्या साहेबांनी खाकरून मान खाली घातली. गंगाक्काने खरं ते सांगितलं. ते म्हणाले, या यंत्राला गोऱ्या बायकांचे सोनेरी, बारीक केसच लागतात, पुस्तकात तसंच आहे. ऑफिसात नेहमी शुद्ध बोलणारी गंगाक्का तेव्हा मंद्रूपच्या बोलीत बोलली. "साहेब, हवा सोलापूरची हाय. केस बी हितलेच चालतील की."

त्यांनी पुन्हा एकदा थर्मामीटर फिरवलं, पुन्हा जुळलं. जाताना त्यांनी शेरा लिहिला आणि टाइप करायला माझ्याच हाती दिला. यंत्र इथेच ठेवावे, आणि ते सांभाळणारी व्यक्तीही. ते शेवटचे शब्द टाइप करताना मी एकही अक्षर चुकवलं नाही. गंगाक्का बाहेर पेटीला टेकून उभी होती. मी खिडकीतून मान हलवली, तेव्हा ती तिथेच खाली बसली आणि पदराने तोंड झाकून बराच वेळ रडली. संध्याकाळी हणमंतमामांनी घरून तेलाची बाटली आणली आणि म्हणाले, "आता तरी लावा, बाई."

ती त्याच शेतावर निवृत्त झाली. लग्न केलं नाही, त्याची कारणं तिची तिच्यापाशी. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मायक्रोकंट्रोलर नावाच्या चिपवर चालणारं, काडेपेटीएवढं नवं यंत्र आलं. शाई नाही, ढोल नाही, केस नाहीत. सगळे त्याला घाबरत होते. गंगाक्काने ते उघडून पाहिलं आणि पुन्हा एका वेळी एकच गोष्ट बदलत, बॅटरी उतरली की त्याचं घड्याळ मागे पडतं हे शोधून काढलं. मी विचारलं, जुनं बरं की नवं? म्हणाली, नवंच बरं, याला कुणी तेल घालत नाही. पण जुनं यंत्र भंगाराच्या लिलावात निघालं तेव्हा ते घेऊन घरी गेली तीच.

परवा महानंदा ते माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, अक्काने सांगून ठेवलं होतं, हे सुनीचं. मी ते खिडकीजवळच्या कपाटावर ठेवलंय. ढोलाला किल्ली बसत नाही, पेनातली शाई कधीच खडखडीत झालीय. जुडी मात्र तीच आहे. मधे काही केस तुटले तेव्हा तिने पुन्हा आपलेच घातले, त्यामुळे त्यात आता काळ्यांबरोबर थोडे पांढरेही आहेत. मी कपडे धुऊन घरात वाळत घातले की पेन वर चढतं, दुपारी खाली उतरतं. काल संध्याकाळी एकटीच होते. त्याच्यापुढे उभी राहिले, तिच्यासारखे हात मागे बांधून, श्वास रोखून. फार वेळ रोखता येईना. "गंगाक्का," मी म्हटलं, आणि ते पेन हलकेच वर आलं.