दिगूभाऊंचा हात

मागच्या महिन्यात सकाळी दिगूभाऊंच्या मुलाचा फोन आला, "अण्णा गेले." दिगूभाऊ म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, शहागंजातले घड्याळजी. मंगल रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "त्या विमानवाल्या घड्याळानं खाल्लं माझ्या भावाला." तिला धीर द्यायचा सोडून मी टॉवेल उचलून आंघोळीला निघून गेलो. का, तेच सांगायला बसलोय.

अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर एक-दोन वर्षांत दिगूभाऊ देवगाव रंगारीहून शहरात आले आणि एका उस्तादांच्या हाताखाली बसले. उस्तादांचा दंडक असा, की दुरुस्ती झाली की झाकणाच्या आतून सुईनं आपली खूण कोरायची. पुढं कुणीही उघडलं तर जाब कुणाला विचारायचा ते कळलं पाहिजे. दिगूभाऊ शेतकऱ्याचे, म्हणून त्यांची खूण एक बारीकसा नांगर. "गिऱ्हाइकाला दिसत नाही तिथं कशाला कोरत बसता?" असं मी चिडवायचो. ते म्हणायचे, "दाजी, नाव लावायची लाज वाटंल असं काम आपण करत नाय."

वीसेक वर्षांपूर्वी मी चिकलठाण्याला विमानतळावर कारकून होतो. तिथं येणाऱ्या एका कॅप्टनसाहेबांचं घड्याळ मागं पडायला लागलं. जुन्या काळच्या वैमानिकांच्या घड्याळावर बेतलेलं, महागडं स्विस घड्याळ... काळी तबकडी, जाड हातमोज्यातही फिरवता यावी अशी गोल, मोठी चावी, पाठीवर दुहेरी पंखांचं विमान कोरलेलं. मी फुशारकी मारली, "मुंबईला कशाला पाठवता साहेब, आमचे मेहुणे आहेत की." ठरल्या दिवशी बाराला साहेब येणार होते आणि साडेअकरालाच मी दुकानात. दिगूभाऊ डोळ्याला भिंग लावून शेवटचा स्क्रू आवळत होते. "दाजी, जरा लांब बसा." मी कसला लांब बसतो! ते विमान बघायला झाकणावर वाकलो आणि माझं कोपर त्यांच्या मनगटाला लागलं. पेचकस घसरला. आत डुलणारं चाक थांबलं, त्याची केसाएवढी दांडी मोडली होती. असला भाग आपल्या गावात मिळणं शक्य नव्हतं. बारा वाजत आले होते. मी म्हणालो, "बंद करा. आधीच मोडलेलं होतं म्हणू. आणि खूण तेवढी करू नका." त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, झाकण घेतलं आणि शांतपणे नांगर कोरला.

साहेब आले. "साहेब, माझ्या हातून मोडलं. वय झालं, हात हलला," दिगूभाऊ म्हणाले. साहेब भर दुकानात त्यांना नको नको ते बोलले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, तोंड उघडायचं फक्त. नाही उघडलं. साहेब वरपर्यंत बोलतील, नोकरीवर येईल, अशी भीती वाटली. पंधरा दिवसांत बाजारभर झालं, की दिगूभाऊंचा हात थरथरतो. भारी घड्याळं यायची बंद झाली. पुढची वीस वर्षं त्या माणसानं सेल घातले आणि पट्टे बदलले. दिवाळीला घरी यायचे, माझ्या शेजारी बसून जेवायचे, "लई छान झाल्या करंज्या" म्हणायचे. कधी एक टोमणा नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

काल हे सगळं मंगलला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून तिनं विचारलं, "वीस वर्षांत भाऊला एकदा तरी म्हणालात, की चुकलं माझं?"

मी नाही म्हणालो.

"मग आता हे पेपरात कुणासाठी देताय?"

तरी देतोय. शहागंजात अजून लोक त्यांच्या हाताबद्दल बोलतात, त्यांनी तरी वाचावं. दिगूभाऊंचा हात हलला नव्हता. धक्का माझा होता.