बाइंडरकाकांनी पाहिलेला सिनेमा

ग्रंथालयातल्या बाइंडरकाकांनी ती गाजलेली कादंबरी तीस वर्षांत नऊ वेळा बांधली होती. दर वेळी वाचकांच्या बोटांनी एकच पान झिजलेलं असायचं. त्या पानावर आई अवाक्षर न काढता घर सोडते. कादंबरीवरून निघालेल्या सिनेमात मात्र ती तिथे धाय मोकलून रडली, वर गाणंही म्हणाली.

“सगळं थिएटर रडलं. तुम्हीच तेवढे कोरडे ठणठणीत,” बाहेर पडताना बायको म्हणाली.

“पुस्तकात ती रडत नाही गं. म्हणून तर वाचणारे रडतात.”

महिन्याभराने काका पुन्हा तीच कादंबरी शिवत बसले होते, तेव्हा ग्रंथपालबाई आल्या.

“राहू द्या काका. सिनेमा आल्यापासून कुणी विचारत नाही हिला. रद्दीत काढतोय.”

“निदान शिवण तरी पुरी करू द्या.”

“रद्दीवाल्याला काय करायचीय शिवण?” बाई हसल्या.

काकांनी दोरा कापला.