डॉक्टर किती सेकंद गप्प होती

स्वीडनमध्ये मी पीएचडी केली ती डॉक्टरांच्या गप्प बसण्यावर. विषयाचं नाव भारदस्त होतं आणि वैद्यकशास्त्र व माध्यमविद्या अशा दोन्ही विभागांत मला टेबल होतं. काम मात्र एवढंच: डॉक्टर व्हिडिओ कॉलवर पेशंटला वाईट बातमी सांगतात, त्याची रेकॉर्डिंग बघून लिहून काढायची. माझं स्वीडिश तेव्हा यथातथाच. शब्द हुकायचे, म्हणून जे कळत होतं ते मी टिपायला लागले. कोण किती सेकंद थांबलं, कुणी नजर खाली घातली. तिथे उत्तरेकडची माणसं ‘हो’ म्हणण्याऐवजी नुसता श्वास आत ओढतात. त्यालाही मी एक खूण ठरवली होती. गाइड बाई म्हणाल्या, असंच चालू दे, शब्द मागाहून बघू. मागाहून कुणी बघितले नाहीत. पदवी मिळाली. घरी मी ‘चहा घेणार?’ विचारलं की नवरा तसाच श्वास ओढून माझी टिंगल करायचा.

पुढे त्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, श्रूजबरीला आलो. मागच्या हिवाळ्यात त्याच्या स्वादुपिंडात गाठ सापडली. ऑपरेशन होऊ शकतं की नाही, एवढ्यावर सगळं अडलं होतं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं.

“तू लिहून घे,” गाडी पार्क करताना तो म्हणाला. “माझं डोकं चालत नाहीये यार. नंतर नीट एक्स्प्लेन कर.”

लिहून घेणं तर माझा धंदाच. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलत होती आणि मी लिहीत होते. मला काहीच वाटत नव्हतं. भीतीसुद्धा नाही. निघताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेही मी टिपलं. दोन पानं भरली होती, याचं मला समाधान वाटलं.

गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, “काय म्हणाली? मला काही कळलंच नाही. ऑपरेशन करणार ना?”

मी वही उघडली. स्क्रीनकडे बघते, चार सेकंद. खुर्ची पुढे ओढते. तीन सेकंद. पेशंट मान हलवतो. पान उलटलं, तिथेही तेच. ती काय म्हणाली ते एकाही ओळीत नव्हतं, आणि मला आठवतही नव्हतं. इतकी वर्षं घालवून मी हे दिवे लावले होते. स्वतःची चीड यायला हवी होती, तीही आली नाही.

“मी ऐकलंच नाही,” मी म्हणाले.

“पोर्टलवर येईल,” तो म्हणाला. “चेक कर.”

इथे भेट झाली की डॉक्टरांची नोंद फोनवर येते. आम्ही पार्किंगमध्येच बसून राहिलो. काचांवर वाफ धरली. अर्ध्या तासाने नोंद आली. गाठीने मोठ्या रक्तवाहिनीला वेढा घातला होता. शस्त्रक्रिया शक्य नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं.

अशी बातमी सांगण्याआधी क्षणभर थांबावं, असं माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात आहे. मी थांबले नाही.

“ऑपरेशन नाही होणार,” मी म्हणाले.

त्याने नुसता श्वास आत ओढला, तिकडच्या माणसांसारखा. टिंगल नव्हती ती. मी मनात सेकंद मोजत होते. सातापर्यंत मोजले.