अपग्रेड करू का, भाऊ?

आमच्या घरात कंप्युटर एकच आहे आणि त्याचे मालक दोन. दिवसा तो बाबांचा, संध्याकाळी दादाचा. मी मधल्या वेळेत माझी पत्रकं टाइप करते, तीही दोघांच्या मेहेरबानीवर.

बाबा पुस्तिका काढतात. नोकरीत होते तेव्हाही काढायचे, आता निवृत्त झाल्यावर दुसरं काही करतच नाहीत. सोळा पानी, बत्तीस पानी, मधे दोन पिना मारलेल्या. दसऱ्याला नागपूरला सतरंजी टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात त्या द्यायच्या, हे मी चालायला लागले तेव्हापासून पाहते आहे. मला वाचायला शाळेनं नाही, न खपलेल्या गठ्ठ्यांनी शिकवलं. त्यामुळे माझं साधं बोलणंही जाहीर सभेसारखं होतं. दादा मला ‘पुढारीन’ म्हणतो. “पुढारीन, सभा आटप वं. मले खेळू दे.”

दादा माझ्याहून मोठा. त्याला सिकलसेल आहे. आई आणि बाबा दोघंही वाहक, दोघंही धडधाकट, आणि लग्न ठरवताना कोणीच कोणाचं रक्त तपासलं नव्हतं. ज्याला हा आजार असतो त्याच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग माणूस हाडातून ओरडतो. थंडी लागली, पळापळ झाली, साधा ताप आला, तरी पुरतं. शाळेत त्याला मैदानावर कायम अंपायर करायचे. आपण जितके पोट्टे घरी पाठवले तितके गावातल्या कोणत्याच बोलरनं पाठवले नसतील, असं तो अजून ऐटीत सांगतो. मोठा झाल्यावर त्यानं मैदानच घरात आणलं. पडद्यावर चित्र रंगवणारं एक जुनं ग्राफिक्स कार्ड, नंतर एक बरं कार्ड, हेडफोन, आणि गाडी चालवायचा एक खेळ, ज्यात डोंगर होते, घाट होते आणि कुठंही न दुखता तासन्‌तास फिरता येत होतं.

हळूहळू तो या विषयातला जाणता झाला. सावंगीच्या होस्टेलांतली मुलं, सेलूचे, हिंगणघाटचे पोट्टे, असा फोनवर एक ग्रुप झाला. त्यातले बहुतेक त्याला कधी भेटलेले नाहीत. कोणतं कार्ड घ्यावं, पंखा का घुरघुरतो, खेळ अडखळतो तर काय करावं, सगळं ‘भाऊ’ला विचारायचं. दादाचा एकच नियम होता. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सल्ला द्यायचा नाही. अंपायरचा नियम.

पावसाळा सरत आला तेव्हा त्याच्या खेळात नवी सोय आली. उजेडाची. पाण्यात डोंगर खरा उतरावा, ओल्या रस्त्यावर मागचा लाल दिवा लांब ओघळावा, काचेत समोरची गल्ली दिसावी, अशी. पण सेटिंगमध्ये ती ओळ राखाडी होती, दाबता येत नव्हती. खाली लिहिलं होतं की ही सोय फक्त नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल.

“कार्ड करू शकते का हे काम?” मी विचारलं.

“करू शकते ना. कार्डाले काय धाड भरली!”

“मग?”

“मग काय? सिस्टिम नवी पाह्यजे म्हणते.”

मी पेटले. त्याच दुपारी पत्रक लिहिलं. ‘कार्ड तुमचं, कुलूप त्यांचं.’ जे यंत्र तुमच्या घामाचं आहे त्याची ताकद कंपनी तुमच्याकडूनच अडवते, आधी आमिष दाखवते, मग जुनं ते असुरक्षित म्हणून भीती घालते, आणि चांगलं चालणारं मशीन भंगारात काढायला लावते. खेळणाऱ्यांनो, अपग्रेड करू नका. जेवताना मी ते मोठ्यानं वाचलं. शेवटी लिहिलं होतं की तळं समोर आहे आणि पाण्याला हात लावायची बंदी आहे.

बाबांचा घास हातातच राहिला.

“कायच्या संगं काय लावून राह्यली तू? त्या तळ्याचं पाणी अन् गेमातलं पाणी एक आहे का?”

“बाबा, तत्त्व एकच आहे.”

“तत्त्व गेलं चुलीत. लोकं त्या पाण्यासाठी सत्याग्रहात डोकं फोडून घेऊन आले. ते वाक्य काढ.”

दादा ताटात पाहून हसत होता. “काढ वं पुढारीन. बाकीचं ठेव. बाकीचं बरोबर आहे.”

मी ते वाक्य काढलं. बाकीचं आजही जसंच्या तसं मान्य आहे मला.

पण ग्रुपवर रोज तोच प्रश्न येत होता. अपग्रेड करू का, भाऊ? काहींना खरंच कळत नव्हतं. काहींनी करून टाकलं होतं आणि आता कोणीतरी बरोबर केलं म्हणावं अशी त्यांची इच्छा होती. दादा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा: पाहून सांगतो.

हे ‘पाहून’ आमच्या घरात साधं नव्हतं. सिकल डोळ्यांच्या नसांतही शिरतं. त्याचा उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्यावर सेवाग्रामला लेझर झालं होतं. तो डोळा किती दिवस साथ देईल याची हमी कोणी देत नव्हतं, आणि दादा ती मागतही नव्हता. तो गाडी घाटात उभी करायचा, तळ्याकडे तोंड करून, आणि स्क्रीनच्या जवळ जाऊन पाहत बसायचा. एकदा मला म्हणाला, “एवढं एक नीट दिसलं पाह्यजे बाप्पा. मंग गेला तर गेला.” मी त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, “ओरडून नसा सरळ होतेत का?”

तरीही त्यानं लगेच अपग्रेड केलं नाही. कारण बाबा.

बाबा ज्या सॉफ्टवेअरवर पुस्तिका जुळवतात ते फार जुनं आहे. त्याचे फाँट जुने, आणि ते चालायला मशीनच्या मागे बोटाएवढी एक किल्ली खोचावी लागते. किल्ली नसली किंवा सिस्टिमनं ती ओळखली नाही, तर बाबांची सगळी पानं इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसतात. एकाच मशीनवर जुनी आणि नवी सिस्टिम शेजारी शेजारी ठेवायचा प्रयोग दादानं मागे करून पाहिला होता. किल्ली रुसली, बाबांचं काम अडलं, आणि सगळं परत बसवताना दादा इतका थकला की त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून मशीनला कोणी हात लावत नव्हतं.

आणि त्या वर्षीची पुस्तिका सिकलवरच होती. ‘पत्रिका नको, रक्त पाहा.’ मुलगा-मुलगी दोघंही वाहक असतील तर काय होतं, तपासणी कशी होते, वाहक असणं म्हणजे कलंक नाही, सगळं सोप्या भाषेत. बाबा पान पान परत लिहीत होते. एक दिवस त्यांनीच दादाला म्हटलं, “तू करून टाक तुझं. माह्यं मी हातानं लिहून देतो छापखान्याले.”

“हातानं? दसरा पुढच्या वर्षीचा पकडसान तुमी,” दादा म्हणाला. “आधी रक्त. मंग उजेड.”

हा निर्णय त्याचा होता. कोणी मागितला नव्हता.

पुस्तिका छापखान्यात जायच्या आठवड्यात, सकाळी दात घासताना, त्याच्या डाव्या डोळ्यापुढे काळे धागे उतरले. त्यानं आधी आरसा पुसला. मग टॉवेलनं तोंड पुसलं. मग मला हाक मारली. दुपारपर्यंत धाग्यांचा पडदा झाला होता. उजेड आणि अंधार कळत होता, खिडकी कुठं आहे ते कळत होतं, खिडकीत कोण उभं आहे ते नाही.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी सांगितलं की डोळ्याच्या आत रक्त उतरलं आहे. कधी कधी ते आपोआप विरतं, म्हणून थांबून पाहू. नाही विरलं तर ऑपरेशन, पण याच्या आजारात भूल देणं सोपं नसतं. दादानं मान हलवली आणि विचारलं, “गेममुळे झालं का मॅडम?” त्या म्हणाल्या, नाही. त्यानं मला कोपर मारलं. “ऐकलं ना? घरी जाऊन हे मोठ्यानं सांगजो. तिथं चालू दे तुह्यी सभा.”

मी सांगितलं. उपयोग झाला नाही. शेजारची काकू आईला म्हणाली, “दिवसभर त्या डब्ब्यात डोळे घालून बसे, आणखी काय होईन?” आईनं माऊस पदरात गुंडाळून कपाटात लपवला. आई रक्ताला दोष देऊ शकत नव्हती. ते अर्धं तिचंच होतं. डब्ब्याला दोष देणं तिला सोपं होतं, आणि मी, जी कुठल्याही अंधश्रद्धेवर तुटून पडते, आईला एक शब्द बोलू शकले नाही.

दसऱ्याला बाबा आणि मी नागपूरला गेलो. पुस्तिका संपल्या. एक बाई नुसतं मुखपृष्ठ वाचून परत फिरली, मग पुन्हा आली आणि दोन घेऊन गेली. बाबांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. परत येताना ते गाडीत म्हणाले, “तीस वर्षं आधी लिहाले पाह्यजे होती.” मी म्हटलं, तेव्हा तुम्हाला तरी कुठं माहीत होतं? ते म्हणाले, “तेच.”

घरी आल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही. मशीनच्या मागे हात घालून किल्ली उपसली आणि टेबलावर ठेवली. “कर आता.”

“बाबा, तुमच्या जुन्या पुस्तिका उघडणार नाहीत,” मी म्हटलं.

“छापलेल्या आहेत ना. छापलेलं कोणी अपग्रेड नाई करत.”

दादा खाटेवरून म्हणाला, “आता काय कामाचं? मले काय दिसते?”

“ग्रुपवाले पोट्टे वाट पाहून राह्यले ना तुही,” बाबा म्हणाले. “उत्तर तर देशीन.”

अपग्रेड मी केलं, दादाच्या तोंडी सूचनांवर. आईनं कपाटातून माऊस आणून दिला. राखाडी ओळ पांढरी झाली होती. मी ती दाबली.

“चालव,” दादा शेजारच्या खुर्चीतून म्हणाला. “अन् पत्रक नको वाचू. दिसते तेच सांग.”

मी पहिल्याच वळणावर कठडा फोडला.

“बैलगाडी तरी चालवता येते का तुले?”

“तू गप बस.”

“रस्ता कसा आहे?”

“ओला आहे. चमकतो आहे. पण चमक आधीही होती, दादा. धावत्या गाडीतून मला फरक दिसत नाही. उलट आता अडखळते आहे.”

“अडखळणारच. कार्डावर ओझं पडते. तळ्यापाशी घे. उभी कर.”

मी गाडी उभी केली. गाडी थांबली तसं पाणी स्थिर झालं आणि त्यात डोंगर उतरला. नुसता आकार नाही, डोंगरावरचा उजेडही, आणि ढग सरकला तशी त्याची सावली पाण्यातून सरकत गेली.

“काय झालं?”

मला खोटं बोलता आलं असतं. काहीच फरक नाही म्हटलं असतं तर माझं पत्रक खरं ठरलं असतं आणि त्याचं काही हुकलं नाही असंही झालं असतं.

“सुंदर आहे,” मी म्हटलं.

त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि तोंड स्क्रीनजवळ नेलं. त्याला तिथं एक उजळ चौकोन दिसत असावा. मग म्हणाला, “फोन काढ. लिही. गाडी पळवाची असन तर नका करू, जुनंच चांगलं चालते. थांबून पाहाचं असन तर करा. अन् हे मी नाई पाह्यलं, माह्या बहिणीनं पाह्यलं. तिचं मत पहिलेपासून विरोधात आहे, तरी तिनं चांगलं म्हटलं, हेही लिही.”

मी शब्दन्‌शब्द लिहिलं. ग्रुपवर अंगठे आले, आभार आले. हिंगणघाटच्या एकानं विचारलं की भाऊ, तुम्ही स्वतः काऊन नाही पाहिलं? त्यांना कोणालाच काही माहीत नव्हतं. मी ते वाचून दाखवलं.

“लिही, डोळ्यात रक्त उतरलं आहे. सिकल.”

मग त्याच मुलानं लिहिलं, “भाऊ, मग तुम्हाले कसं वाटलं नवीन?”

दादानं हेडफोन कानाला लावले. पाण्यावरचा वारा, लांब कुठंतरी एक पक्षी.

“लिही, आवाज चांगला आहे.”

आवाज जुन्या सिस्टिमवरही असाच होता. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्यानं सांगितलं तेवढंच मी लिहिलं.