चष्मा काढून केलेली सही

माझ्या आईवर अन्याय झाला. तिच्या नोकरीच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी पावणेचार वाजता, बेळगोळच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये, ओटी भरून झाल्यावर आणि म्हैसूरपाक वाटायच्या आधी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण फोटोत मागे भिंतीवरचं घड्याळ आलंय. फोटोत सगळे हसताहेत. आईसुद्धा.

आई तिथे तयार शर्ट तपासायची. बावीस वर्षं. बटण वाकडं, शिवण ओढलेली, एखादा दोरा लोंबतोय, की तिच्या टेबलावरून शर्ट परत. अशा बाईने स्वतःच्या राजीनाम्यावर न वाचता सही केली. हे कसं घडवून आणायचं ते शिकायचं असेल तर तिच्या कारखान्याच्या ऑफिसात जा. फार कौशल्याचं काम आहे.

तिला साठ पूर्ण झाली, म्हणून निरोप समारंभ. मागे कन्नडमध्ये भला मोठा फ्लेक्स, ‘वयोनिवृत्ति बीळ्कोडुगे’. म्हणजे वय झाल्यामुळे निवृत्त होणाऱ्यांना निरोप. साडी दिली, गजरा माळला, ओटी भरली. चष्म्यावर उजेड चमकतो म्हणून फोटोवाल्याने चष्मा काढायला लावला. तेवढ्यात ऑफिसातला साहेब तबक घेऊन पुढे आला. तबकात विड्याची पानं, केळी, आणि त्यांच्याखाली एक कागद.

“अम्मा, इथे एक सही. फॉर्मॅलिटी.”

पदरात नारळ-तांदूळ घेऊन उभी असलेली बाई चारचौघांत “थांबा, आधी वाचते” म्हणत नाही. तबकातून पुढे आलेल्या गोष्टीला नको म्हणायचं नसतं, असं आमच्या घरी शिकवलंय. साहेबाच्या घरीही शिकवलं असणार. नाहीतर त्याने साधी फाईल आणली असती.

कागदावर लिहिलं होतं: वैयक्तिक कारणास्तव मी नोकरीचा राजीनामा देत आहे.

आता यात एवढं काय बिघडलं? सांगते. आईच्या पगारातून दर महिन्याला सरकारी कामगार विमा कापला जायचा. त्याच विम्यावर माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, हृदयात दोन स्टेंट बसले आणि त्यांच्या गोळ्या चालू आहेत. अप्पा लष्कर मोहल्ल्यात शिलाई मशिनी दुरुस्त करतात. त्यांना विमा कोण देणार, मशिनी? या विम्यात एक चांगला नियम आहे. चांगला आहे म्हणूनच तो कुणी सांगत नाही. निदान पाच वर्षं विम्यात असलेला कामगार वयामुळे निवृत्त झाला, तर वर्षाला नाममात्र वर्गणी भरून त्याचे आणि नवऱ्याचे किंवा बायकोचे उपचार पुढे चालू राहतात. वयामुळे निवृत्त झाला तर. मनाने सोडून गेला तर नाही.

दुसरे पर्याय आहेत, असं लोक मला उत्साहाने सांगतात. आहेत ना. रेशनकार्डावरची राज्याची योजना आहे, पण आमचं कार्ड बिगर-गरिबांचं, त्यामुळे बिलाचा मोठा हिस्सा आम्हीच भरायचा. केंद्राचं ज्येष्ठांचं कार्ड आहे, ते सत्तरीला मिळतं. म्हणजे साठ ते सत्तर ही दहा वर्षं आई-अप्पांनी आजारी न पडता काढायची. एवढी शिस्त नागरिकांना असायलाच हवी.

हे सगळं मला पाठ होतं, कारण त्यावरचं पत्रक मीच लिहिलंय. हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत कंपन्यांच्या बसथांब्यांवर मी ते कामगारांना वाटते. ‘नोकरी सोडताना कारणाचा रकाना वाचा’ हे त्यात जाड अक्षरात आहे. एक प्रत आईलाही दिली होती. तिने ती मसाल्याच्या डब्याखाली अंथरली. त्या शुक्रवारी पावणेचारला मी बसथांब्यावर दुसऱ्यांच्या आयांना सावध करत होते.

पंधरा दिवसांनी मी आईला घेऊन विम्याच्या ऑफिसात गेले. कारकुनाने स्क्रीन आमच्याकडे वळवली. “यांनी राजीनामा दिलाय.”

मी समारंभाचा फोटो पुढे केला. “हा फ्लेक्स वाचा. वयोनिवृत्ति. कारखान्यानेच लावलाय.”

“मॅडम, फ्लेक्स म्हणजे दाखला नव्हे.”

“मग काय?”

“डेकोरेशन.” माणूस वाईट नव्हता. “कारखान्याकडून दुरुस्तीचं पत्र आणा. कारण बदललं की मी लगेच करून देतो.”

घरी आल्यावर आई म्हणाली, “मी नाही जायची तिथे. ओटी भरलीये त्यांनी माझी. आता त्यांच्याच दारात जाऊन भांडू? सुम्मने, उगाच शोभा होईल.”

“आणि अप्पांच्या गोळ्या?”

“अय्यो, मला काय धाड भरलीये,” अप्पा आतून म्हणाले. “महिनाभर पुरतील एवढ्या आहेत.”

मी हक्क, कायदा, जबाबदारी यांवर बोलले. पत्रकात असतं तसंच, जाड अक्षरात. आईने ऐकून घेतलं आणि भाजी चिरायला बसली. माझ्या बोलण्याचा परिणाम नेहमी असाच होतो.

आठवड्याभराने फळीवरची धूळ पुसताना तिच्या हाताला अप्पांच्या गोळ्यांची पट्टी लागली. तिने ती उजेडात धरली, शर्ट धरायची तशी.

“आज यात तीन राहायला हव्या होत्या. सात कशा?”

अप्पा बघेनात.

“एक दिवसाआड घेता?”

“पुरवून घेतोय गं. बरं वाटतंय मला.”

आई मला म्हणाली, “ती समारंभाची साडी इस्त्री कर.”

दुसऱ्या दिवशी ती तीच साडी नेसून, चष्मा लावून कारखान्यात गेली. मी मागे. साहेब उठून उभा राहिला. “अम्मा! या, बसा. कॉफी?”

तिने राजीनाम्याची प्रत मागून घेतली, टेबलावर ठेवली आणि बोटाने एक ओळ दाखवली. “हे परत. चूक आहे.”

साहेबाने समजावलं. कंप्युटरच्या यादीत पहिलं कारण राजीनामा येतं. निवृत्ती खूप खाली आहे आणि ती निवडली की वयाचा पुरावा जोडावा लागतो. “तुमच्यावर राग नाही हो अम्मा. सगळ्यांचं असंच करतो.”

“सगळ्यांचं? गेल्या वर्षी गेली ती काजं करणारी? इस्त्रीवाली?”

“सगळ्यांचं. आमच्याकडे भेदभाव नाही.”

आई खुर्चीत बसली. त्या दोघींच्या समारंभात तबक तिने धरलं होतं.

“माझं पत्र मिळेपर्यंत मी इथेच आहे,” ती म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत तपासणीतल्या बायका डबे घेऊन ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि यादीत निवृत्तीपर्यंत खाली उतरायला साहेबाच्या बोटाला फार वेळ लागला नाही. विम्याच्या ऑफिसातल्या माणसाने शब्द पाळला. अप्पा आता रोज गोळी घेतात, आईसमोर, तोंड उघडून दाखवतात.

मसाल्याच्या डब्याखालचं पत्रक आईने काढून घेतलंय. हळदीचा डाग पडलाय त्यावर. ते घेऊन ती आधी काजं करणारीकडे गेली, मग इस्त्रीवालीकडे. दोघींनी तिला कौतुकाने आपापले समारंभाचे फोटो दाखवले.

तुमच्याही घरी असा एक फोटो असेल, नाहीतर येत्या वर्षात लागेल. भिंतीवरून काढा तो. त्या दिवशी सही केलेल्या कागदाची प्रत आजच मागा आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. चूक असेल तर दुरुस्तीचं पत्र हातात पडेपर्यंत तिथून उठू नका. आणि तबक धरायला तुम्हाला बोलावलं असेल, तर पानांखालचा कागद आधी तुम्ही वाचा.